ओल्या गवताला लागला की ओरडतो: घरगुती मेटल डिटेक्टरची कॉईल आणि तिचं शील्डिंग

कातळावरचा

नमस्कार मंडळी. आमची कलमांची बाग रत्नागिरी तालुक्यात, सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे. आजोबांनी विहिरीपासून वरच्या टाकीपर्यंत दोन इंची जीआय पाइप पुरून नेला होता. तो आता कुठेतरी गळतो, पण नेमका कुठून गेलाय हे सांगणारं माणूस उरलं नाही. जांभ्या दगडात अंदाजाने खणणं म्हणजे काय, ते कोकणातल्यांना सांगायला नको. मजुरीच्या पैशात नवा पाइप येईल.

विकतचा बरा डिटेक्टर परवडत नाही. सोल्डरिंग थोडंफार येतं, म्हणून पल्स इंडक्शनचा (कॉईलमध्ये विजेचे झटके सोडायचे आणि झटका थांबल्यावर धातूकडून येणारा सिग्नल बघायचा) घरीच बांधला. सर्किट जालावर फिरतं तसलंच: ठोके देणारा ५५५ टायमर, कॉईलचा प्रवाह चालू-बंद करणारा आयआरएफ ७४० मॉस्फेट, पुढे सिग्नल वाढवणारा ऑपअँप एनई ५५३४ आणि १२ व्होल्टची बॅटरी. कॉईलसाठी मोटार बांधणाऱ्याकडून २४ गेजची इनॅमलची तार आणली. भरतकामाच्या लाकडी रिंगवर, २६ सेंटिमीटर व्यासाचे २० वेढे घातले, दोऱ्याने आवळून वार्निश पाजलं. मीटरवर ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं.

टेबलावर झकास चालतो. पाच रुपयाचं नाणं दीड वितीवरून पकडतो. बागेत नेला की मात्र ओलं गवत लागलं तरी ओरडतो, हात लावला तरी ओरडतो, केबल हलली तरी ओरडतो. जालावर शोधलं तर एक म्हणतो ॲल्युमिनियम फॉईल गुंडाळा, दुसरा म्हणतो फॉईल अजिबात नको, ग्रॅफाइट लावा, तिसरा म्हणतो कॉईलभोवती असलं वाहक कवच, म्हणजे शील्डिंग, याची गरजच नाही. कोणी स्वतः केलं असेल तर सांगा.

चिमटा

वाचनखूण साठवली. माझाही हाच घोळ चाललाय, फक्त उलट्या बाजूने. कॉईलला घरातली पोळ्या बांधायची फॉईल गुंडाळली आणि डिटेक्टर मुकाच झाला. आता पक्कड नेली तरी हूं की चूं नाही.

जुना सोल्डर

चिमटा, तुमच्याकडे नंतर येतो. आधी धागाकर्ते.

शील्ड लावण्याआधी आजार कोणता ते ठरवा. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच आवाजात ओरडतात आणि शील्ड त्यातल्या एकीवरच औषध आहे. अंगठी, कडं, घड्याळ सगळं काढा आणि नुसता तळहात कॉईलवर ठेवा. ओरडला तर तो कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) खेळ. हा शील्डने जातो. मग कॉईल उघड्या, कोरड्या कातळावर न्या, गवताची काडीही नको, आणि न टेकवता खालीवर करा. तिथेही ओरडला तर तो दगडाचा स्वतःचा सिग्नल आहे. जांभ्यात लोह भरपूर, आणि त्यातले काही अतिसूक्ष्म कण पल्स संपल्यावर लगेच शांत होत नाहीत. त्यांचा सिग्नल हळूहळू ओसरतो आणि सर्किटला धातूसारखा वाटतो. चांदीचं शील्ड घातलंत तरी तो जायचा नाही. तिसरं, कॉईल स्टुलावर अगदी स्थिर ठेवा आणि कुणाला तरी पंप चालू-बंद करायला सांगा. आवाज लयीत थरथरू लागला तर ती वीज आहे. तीही शील्डने फारशी जात नाही, कारण तारेभोवतीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फॉईलला जुमानत नाही.

लोक शील्ड लावतात, मग जांभ्यावर नेतात आणि म्हणतात, "शील्डिंग बेकार निघालं." त्या बिचाऱ्या शील्डचं काम काय होतं हे कोणी विचारतच नाही.

तुम्ही सांगताय त्यावरून पहिला आजार नक्की आहे, दुसराही थोडा असणार.

कातळावरचा

काका, अंगठी काढून हात लावून बघितला. ओरडला. कोरड्या कातळावर हलका सूर चढतो, पण गवताच्या मानाने काहीच नाही. पंपाचं संध्याकाळी वीज आली की बघतो.

पण हाताने किंवा गवताने कपॅसिटन्स बदलून असा किती बदलणार? चार-पाच पिकोफॅरड?

लघुकोन

तेवढाच, आणि तेवढा पुरतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून जरा आकड्यात शिरते. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

कॉईल म्हणजे नुसतं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) नव्हे. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याबरोबर एक छोटा कपॅसिटर बनवतो, केबल त्यात भर घालते, मॉस्फेट आणखी घालतो. मॉस्फेट बंद झाला की कॉईलवर क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका येतो. आयआरएफ ७४० असेल तर तो साधारण ४०० व्होल्टला कापला जातो. तिथून ते व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत शून्याजवळ यावं लागतं, आणि मग आपण १०-१५ मायक्रोसेकंदांनी उरलेला अगदी बारीक सिग्नल हजारपट वाढवून बघतो, हाच सॅम्पल. ४०० व्होल्टची शेपटी आणि मिलिव्होल्टहून लहान सिग्नल एकाच तारेवर! शेपटी केसभर सरकली तरी हजारपट होऊन स्पीकरवर येते.

आता पाणी. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ कपॅसिटन्स किती पट करतो तो आकडा) सुमारे ८०, हवेचा १. ओलं गवत म्हणजे पाण्याने भरलेल्या पात्यांचा झुबका. तो कॉईलला घासला की कॉईल आणि जमीन यांच्यातला कपॅसिटन्स दर पावलाला बदलतो. शील्ड हा कपॅसिटन्स नाहीसा करत नाही, उलट वाढवते! पण तो एकदा वाढून कायमचा स्थिर होतो. बाहेर गवत असो, हात असो, समुद्राचं पाणी असो, कॉईलला फक्त शील्ड दिसते.

वाढण्याची किंमत मात्र मोजावी लागते. ३०० मायक्रोहेन्रीबरोबर एकूण २०० पिकोफॅरड असेल तर कॉईलची स्वतःची वारंवारता सुमारे ६५० किलोहर्ट्झ येते आणि न थरथरता झटपट शांत होण्यासाठी समांतर रेझिस्टर ६१० ओहमच्या आसपास लागतो. शील्ड अगदी तारेला चिकटवून लावली आणि कपॅसिटन्स ४०० वर गेला, तर वारंवारता ४६० वर घसरते आणि रेझिस्टर ४३० ओहमच्या जवळ आणावा लागतो. म्हणजे शेपटी लांबते, सॅम्पल उशिरा घ्यावा लागतो. पातळ दागिना, छोटं नाणं यांचे प्रवाह तोवर विझलेले असतात. तुमच्या पाइपला याने काही फरक पडणार नाही, पण चांगली कॉईल बांधायची तर शील्ड आणि तार यांच्यातलं अंतर हीच खरी गोष्ट आहे. शील्ड कशाची, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

जुना सोल्डर

टीचरबाईंनी माझं निम्मं काम केलं. अंतराबद्दल शंभर टक्के सहमत.

चिमटा, तुमच्या फॉईलची दोन्ही टोकं एकमेकांवर चढली आहेत का?

चिमटा

हो. पूर्ण गोल गुंडाळली, वरून टेप. सुटू नये म्हणून एक इंच ओव्हरलॅप ठेवला.

जुना सोल्डर

मग तो एक बंद वेढा झाला. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू एकाच वेढ्याची करून शॉर्ट केली तर जे होईल तेच इथे होतंय. तुमच्या पल्सची ताकद त्या फॉईलच्या कड्यात फिरते आणि जमिनीत काही उतरतच नाही. शील्डला फट हवीच. सेंटिमीटरभर पुरे, केबल जिथून निघते तिथे ठेवायची. आणि ग्राउंडची उघडी तार फॉईलवरून फिरवणार असाल तर तीही फट ओलांडता कामा नये. अनेक जण फॉईलला फट ठेवतात आणि तारेने पुन्हा जोडून टाकतात.

गडवेडा९६

एक शंका. फॉईल म्हणजे धातूच ना? मग डिटेक्टरला तीच फॉईल सापडत नाही का? आणि चुंबकीय क्षेत्र तिच्या बाहेर जातंच कसं?

लघुकोन

शंका बरोबर आहे. विद्युत क्षेत्र अडवायला कितीही पातळ वाहक थर चालतो, फक्त तो ग्राउंडला जोडलेला हवा. बदलत्या चुंबकीय क्षेत्राला अडवायला थर जाड लागतो. किती जाड हे वारंवारतेवर ठरतं. १० किलोहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये क्षेत्र ०.८ मिलिमीटर आत जाईपर्यंत सुमारे ३७ टक्क्यांवर येतं. स्वयंपाकघरातली फॉईल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाड असते. क्षेत्राला ती जवळपास दिसतच नाही.

"जवळपास" हा शब्द मात्र महत्त्वाचा, आणि फॉईल-ग्रॅफाइटचं भांडण तिथेच आहे. फॉईलला फट ठेवली तरी तिच्या रुंदीत छोटे छोटे भोवरा-प्रवाह फिरतातच. ठरावीक वारंवारतेवर सतत चालणाऱ्या डिटेक्टरला ते चालून जातात, कारण तो स्थिर हिस्सा वजा करता येतो. पल्सवाल्याला ते धातूसारखेच दिसतात. फॉईल पातळ असेल तर काही मायक्रोसेकंदांत विझतात, जाड तांब्याची जाळी असेल तर सॅम्पलच्या वेळेपर्यंत रेंगाळतात. ग्रॅफाइटच्या थरात रोध इतका जास्त की प्रवाह उठतो तिथेच मरतो. विद्युत क्षेत्रासाठी मात्र तेवढी वाहकता भरपूर होते.

कातळावरचा

म्हणजे माझ्यासाठी ग्रॅफाइट. पण आणायचं कुठून आणि लावायचं कसं?

जुना सोल्डर

बारीक ग्रॅफाइट पावडर मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे किंवा केमिकलच्या दुकानात मिळते, कुलपांत घालायला लोक नेतात. जुने सेल फोडायचा सल्ला कोणी देईल, तर त्यातली मधली कांडी तेवढी कार्बनची. भोवतीची काळी भुकटी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची, ती नको. आणि अल्कलाइन सेल चुकूनही फोडू नका. खरं तर पावडर स्वस्त आहे, कांडी वाटत बसायची गरज नाही.

आता क्रम. घाई न करता वाचा, कारण क्रम चुकला तर परत सोलावं लागतं.

तुमची रिंग लाकडी आहे, ती आधी सोडवा. लाकूड ओल धरतं आणि ते शील्डच्या आत राहिलं तर पावसाळ्यात आतल्या आत कपॅसिटन्स बदलत राहील. रिंग फक्त गुंडाळण्यासाठी वापरा, वेढे दोऱ्याने घट्ट बांधून उतरवून घ्या. हवं तर तार बदलून टेफ्लॉन इन्सुलेशनची घ्या. जाड इन्सुलेशनमुळे वेढे एकमेकांपासून लांब राहतात आणि आतला कपॅसिटन्स घटतो. मात्र गुंडाळी फुगते, इंडक्टन्स थोडा उतरतो, म्हणून २० ऐवजी २२ वेढे लागतील. साधारण १८ मीटर तार धरा. नाहीतर आहे त्या इनॅमलवर भागवा, पाइप शोधायला पुरे.

वेढे एकमेकांत हलता कामा नयेत. हलले की कॉईल मायक्रोफोन बनते, दगडाला आपटली तरी आवाज देते. वार्निश पाजलंय म्हणता, तर ते आतपर्यंत मुरलंय का बघा.

त्यावर अंतर. वायरिंगच्या दुकानात तारा एकत्र बांधायची प्लास्टिकची स्पायरल पट्टी मिळते, ती गुंडाळा. किंवा पॅकिंगमध्ये येणारा पांढरा पातळ फोम पट्ट्या कापून लावा. मला फोम जास्त पटतो, कारण त्यात बहुतेक हवाच असते. दोन-तीन मिलिमीटर पुरे. काळा पीव्हीसी टेप थरावर थर देऊन अंतर करू नका. त्याचा डायइलेक्ट्रिक हवेच्या तिप्पट-चौपट, म्हणजे केलेलं अर्धं वाया. फोमवर टेपचा एकच थर द्या, रंग लावायला पृष्ठभाग हवा म्हणून.

मग रंग. पारदर्शक लॅकर थिनरने पातळ करून त्यात पावडर कालवा, थालीपिठाच्या पिठाहून जरा सैल. तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, सिगारेट लांब. दोन हात मारा, मध्ये पूर्ण वाळू द्या. फटीच्या जागी आधीच टेपची चिंधी लावून ठेवा आणि रंग वाळल्यावर ती सोलून काढा. मग फटीच्या एका बाजूपासून वळसा घालून दुसऱ्या बाजूपर्यंत मल्टिमीटर लावा. काहीशे ओहमपासून दोनेक किलोओहमपर्यंत काहीही आलं तरी मी खूश असतो. मेगओहम दाखवत असेल तर पावडर कमी पडली, तिसरा हात मारा.

रंगाला सोल्डर लागत नाही. म्हणून कल्हई केलेली बारीक उघडी तांब्याची तार रंगावरून सैल वेटोळ्यात फिरवा, फटीच्या अलीकडे थांबवा, वरून टेप ताणून दाबा. तिचं एकच टोक केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडायचं. जाळी कॉईलच्या थंड टोकाला, म्हणजे जे सर्किटमध्ये स्थिर व्होल्टेजला बांधलेलं आहे त्याला. मॉस्फेटकडच्या टोकाला जोडलीत तर शील्डच ४०० व्होल्टने उड्या मारायला लागेल.

बारकोड

दंडवत काका. हे वेगळा लेख म्हणून टाका.

दावणवाला

थोडं अवांतर. आमच्याकडे गाईच्या पोटात खिळा, तार जाण्याचे प्रकार होतात. कडब्याच्या पेंढीला बांधलेली तार कुट्टीत जाते, तिथून वैरणीत. असला डिटेक्टर गाईला लावून कळेल का?

जुना सोल्डर

पोटात लोखंड आहे एवढं कळेल. पण धडधाकट गाईंच्याही पोटात लोखंड असतं, म्हणून डिटेक्टर वाजला म्हणजे तोच आजार असं होत नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. कुट्टी यंत्रात वैरण टाकण्याआधी पेंढीवरून फिरवलात तर मात्र पातीही वाचतील आणि गाईही. त्यासाठी लहान, १५-२० सेंटिमीटरची कॉईल करा.

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहतो, शनिवार-रविवार शेतांतून डिटेक्टर घेऊन फिरणं हा माझा छंद. इथे बहुतेकांकडे व्हीएलएफ (कमी, ठरावीक वारंवारतेवर सतत चालणारे) प्रकारचे, दोन अर्धगोल कॉईल एकमेकांवर चढवलेले डिटेक्टर असतात. कोणी तसली कॉईल बांधणार असेल तर दोन गोष्टी सांगतो.

प्रक्षेपक आणि ग्राहक या दोन्ही कॉईलना वेगवेगळी शील्ड लागते, दोघींना मिळून एक नव्हे. आणि शील्ड लावून झाल्यावरच त्या एकमेकींवर सरकवून ताळमेळ साधायचा, म्हणजे ग्राहक कॉईलमध्ये जवळजवळ काहीच उमटणार नाही अशी जागा शोधायची. आधी जागा ठरवून मग फॉईल लावली तर सगळं सरकतं. शेवटी इपॉक्सी ओतताना ते एकदम भरू नका. घट्ट होताना गरम होतं, थोडं आकसतं, आणि रात्री शून्यावर असलेला ताळमेळ सकाळी हरवलेला असतो. आधी चार ठिकाणी थेंब टाकून जागा धरायची, वळणाचा एक भाग हलवण्याजोगा मोकळा ठेवायचा, बाकीचं भरायचं, आणि अगदी शेवटी तो भाग हलकेच ढकलून ताळमेळ साधून बुजवायचा.

कातळावरचे, तुमच्या पल्सवाल्याला यातलं काही लागत नाही. एकच कॉईल दोन्ही कामं करते. नशीबवान आहात.

गडवेडा९६

वा, फारच माहितीपूर्ण. मीही बांधणार. आमच्या गावाजवळच्या किल्ल्यावर शिवराई सापडतात म्हणे. पाइप वगैरे ठीक, पण असल्या डिटेक्टरला जमिनीत किती खोलवरचं नाणं लागेल?

थेम्सकाठी

खोली राहू द्या, आधी कायदा बघा. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. किल्ला संरक्षित असेल तर तिथे परवान्याशिवाय खणणंच बेकायदा: केंद्राचा १९५८ चा कायदा, राज्याचा १९६० चा. इथे इंग्लंडमध्येसुद्धा संरक्षित स्मारकावर विनापरवाना डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, शेतात जायलाही मालकाची परवानगी लागते, आणि खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं असतं. "इंग्लंडात सगळे खणतात" असं ऐकून कोणी सुरू करू नका.

जुना सोल्डर

+१. आणि एक नाणं उपसलं की ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं ही माहिती कायमची गेली. गडवेडा म्हणवता ना? मग गडाला खड्डे नकोत. घरच्या परसात हरवलेली अंगठी शोधा, मी लागेल ती मदत करतो.

गडवेडा९६

समजलं. खणायला जाणार नव्हतो हो, कुतूहल होतं. कॉईल बांधतोच, परसात वापरेन.

लघुकोन

खोलीच्या कुतूहलाला उत्तर द्यायला हरकत नाही. छोटी वस्तू कॉईलच्या व्यासाहून लांब गेली की क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं आणि परतीचा सिग्नल पुन्हा घनाने. अंतर दुप्पट केलं की सिग्नल ६४ पट लहान. म्हणून ॲम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा केला तरी खोली बोटभरच वाढते. पाइपचं तसं नाही, तो लांबच लांब असल्याने सिग्नल इतक्या वेगाने पडत नाही.

अवांतर, पण राहवत नाही. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, आणि शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल दोन कॉईलचं यंत्र आणि टेलिफोनचा रिसीव्हर घेऊन गेला. गोळी काही सापडली नाही. खाटेत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, शिवाय डॉक्टरांनी त्याला उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. यंत्र चालत होतं. डिटेक्टरवाल्यांनी आधी आजूबाजूचं लोखंड बघावं, ते तेव्हापासून.

कातळावरचा

कॉईल तयार झाली, म्हणून अहवाल.

रिंग सोडवली, फोम लावला, ग्रॅफाइटचे तीन हात मारले. फटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ८०० ओहमच्या आसपास येतंय. केबल आधी साधी ऑडिओची होती, ती काढून छतावरच्या डिशची उरलेली केबल लावली.

आता तळहात ठेवला तरी गप्प. ओल्या गवतातून ओढत नेला, गप्प! बादलीभर पाणी ओतलं कॉईलवर, तरी गप्प. कोरड्या कातळाचा हलका सूर मात्र तसाच आहे, काकांनी सांगितलं होतं तसा. सॅम्पलची वेळ ठरवणारा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) थोडा पुढे सरकवला की तो बराच कमी होतो, आणि पाइपला त्याने काही फरक पडत नाही.

पाइप लागला! विहिरीपासून सरळ न जाता बांधाला वळसा घालून गेलाय. मध्ये एक व्हॉल्व्हही सापडला, मातीखाली वीतभर. गळती अजून सापडायची आहे, पण आता खणायचं कुठे ते कळलं. शिवाय कुंपणाच्या जुन्या काटेरी तारेचे तुकडे इतके निघाले की पोतं भरलं.

दोन प्रश्न उरलेत. शील्ड लावल्यापासून नाण्याचं अंतर थोडं घटलंय. आणि पंप चालू असताना सूर अजून थरथरतो.

जुना सोल्डर

अभिनंदन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर टीचरबाईंनी आधीच दिलंय: कपॅसिटन्स वाढला, जुना डॅम्पिंग रेझिस्टर (त्यांनी सांगितलेला समांतर रेझिस्टर) आता बसत नाही. तिथे तात्पुरता एक किलोओहमचा कार्बनचा पॉट लावा, तारेचा गुंडाळलेला नको, तो स्वतःच इंडक्टर असतो. ऑसिलोस्कोप असेल तर ऑपअँपच्या आउटपुटवर शेपटी बघत पॉट फिरवा. शेपटी शून्याखाली जाऊन परत वर येत असेल तर रोध जास्त झाला, लोळत लोळत येत असेल तर कमी. स्कोपचा प्रोब थेट कॉईलवर लावू नका, ४०० व्होल्टचा झटका स्वस्तातल्या स्कोपला पेलत नाही. जागा सापडली की पॉट काढून मोजा आणि तेवढेच पक्के रेझिस्टर लावा. एका ऐवजी दोन मालिकेत घातलेत तर व्होल्टेज वाटून घेतात.

डिशच्या केबलची निवड चांगली. मीटरला पन्नासेक पिकोफॅरड असते, जुन्या रेडिओवाल्यांच्या आरजी ५८ ला शंभर. पण आतली तार बहुधा पोलादी, वरून तांब्याचा मुलामा. चुंबक लावून बघा. पोलादी असेल तर शेवटची वीतभर केबल कॉईलजवळ मोकळी लोंबू देऊ नका, दांड्याला घट्ट बांधा. हलली की तोच धातू सापडेल.

लघुकोन

पंपाचं माझ्याकडे. ५५५ चा वेग वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या पटीच्या अगदी जवळ असेल तर दोघांच्या फरकाचा संथ ठोका ऐकू येतो, तीच तुमची थरथर. वेग ठरवणाऱ्या रेझिस्टरच्या जागी पॉट घालून जरा इकडेतिकडे सरकवा. ठोका जलद झाला की पुढचा फिल्टर तो गिळून टाकतो.

तेवढ्याने भागलं नाही तर इंग्रजी 8 च्या आकाराची कॉईल: दोन सारखे गोल, उलट दिशेने गुंडाळलेले. दूरच्या तारेचं क्षेत्र दोन्हीत सारखंच शिरतं आणि एकमेकांना खोडतं. खालचा पाइप एका गोलाच्या जवळ असतो, म्हणून तो खोडला जात नाही.

आणि पाइप आणखी खोल असेल तर मोठी कॉईल करा. मीटरभर व्यासाला ९ वेढ्यांतच ३०० मायक्रोहेन्री मिळतात, म्हणजे सर्किट तेच राहतं. शिवाय काटेरी तारेचे तुकडे तिला फारसे दिसणार नाहीत.

कातळावरचा

५५५ चा वेग बदलला, थरथर जवळजवळ गेली. आठाची कॉईल पावसाळ्यानंतर.

आता फक्त कॉईल दांड्याला पक्की कशी करायची ते सांगा. सध्या सुतळीने बांधलीय. लोखंडी बोल्ट तर चालणार नाही, आणि नायलॉनचा जाड बोल्ट रत्नागिरीत कुठेच मिळेना.

जुना सोल्डर

प्लंबिंगच्या दुकानात जा आणि कमोडच्या सीटचे प्लास्टिकचे बोल्ट मागा. नटासकट मिळतात.